ठमीची मोठी शीर

सोनोग्राफीचं ते मशीन आमच्या वॉर्डात आलं तेव्हा मला मुळीच आवडलं नव्हतं. लहान मुलांच्या आयसीयूत मी तेवीस वर्षं काढली आहेत. कपाळाला हात लावून, पायाची बोटं चेपून, डोळ्यांखालचे खळगे बघून आम्ही कितीतरी पोरं सुखरूप घरी पाठवली. आणि हे चाकांवरचं खोकं कानामागून आलं आणि तिखट झालं. डॉक्टर मुलाकडे बघायच्या आधी त्याच्या पडद्याकडे बघायला लागले. नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटलं, दहाव्या दिवशी याच्यावर टॉवेल वाळत पडतील.

दहाव्या दिवशी त्याच्याभोवती टॉवेल नव्हते, मीच घुटमळत होते. माझी खोडच तशी. एखादी गोष्ट आवडो न आवडो, ती कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पडद्यावर मला नुसत्या करड्या मुंग्या दिसायच्या आणि आमचे डॉक्टर त्या मुंग्यांत बघून सांगायचे, हे लिव्हर, ही किडनी, हे हृदय. आधी वाटलं, हा माणूस थापा मारतोय. मग एकदा त्यांनी माझ्याच मनगटावर तो साबणाच्या वडीएवढा प्रोब टेकवला आणि माझी नाडी मला पडद्यावर उडताना दिसली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायचा विसरले.

या डॉक्टरांना वॉर्डात पाठीमागे ताडमाड म्हणतात. एवढे उंच की पलंगावरच्या पोराला तपासायचं तर त्यांना कमरेत घडी घालावी लागते. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, स्वभावाने दिलदार, आणि जिभेला हाड नाही. मी विचारायची आणि ते सांगायचे. किडनी पांढरट का दिसते? मूत्राशय कुठंय? ही काळी पट्टी कसली? कधी वैतागायचे, पण सांगायचे.

ठमी आली त्या दिवशीही सांगितलं. ठमी पाच वर्षांची. नाव ठमी आणि अंगाने काडी. चार दिवस जुलाब आणि ताप, वर जंतू रक्तात उतरलेले. डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे, आणि आदल्या दिवसापासून लघवीचा थेंब नाही. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "किडन्या रुसल्यात हिच्या."

त्यांनी मशीन ओढून आणलं. जेलची बाटली मी ॲप्रनच्या खिशात ठेवून गरम करते, ती दिली. ठमीचं पोट तेव्हा पाठीला लागलेलं. प्रोब नुसता टेकवला आणि चित्र उमटलं.

"ही बघा सिस्टर, मोठी शीर. सगळ्या अंगातलं रक्त हीच हृदयाकडे परत नेते. श्वासागणिक कशी मिटतेय बघा. म्हणजे अंगात पाणीच नाही. किडनीला पाणी पोचत नाही, तर ती लघवी कुठून करणार?"

ठमीने मास्कमधून विचारलं, "माझ्या पोटात टीव्ही आहे?"

"आहे ना," डॉक्टर म्हणाले, "पण एकच चॅनेल लागतं."

ती हसली. आम्ही सलाईन दिलं, शीर जराशी भरली, धावणारी नाडी उतरली. मला मनापासून पटलं की हे खोकं कामाचं आहे. बाहेरून पोर कोरडं वाटतं की ओलं, यावर आम्ही तासन् तास वाद घातलेत. इथे आत डोकावून बघता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला शिकायला आलेले आठदहा जण होते. मी ठमीच्या उशाशी उभी राहून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते आता आठवतही नाही. डॉक्टर माझ्याकडे हात करून त्यांना म्हणाले, "या आमच्या प्रश्नपत्रिका. सर्व प्रश्न अनिवार्य आहेत."

सगळे खो खो हसले. एक मुलगी तर वही तोंडावर धरून हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेवीस वर्षं! यातल्या निम्म्या लोकांना मी सुई धरायला शिकवणार होते. मी ठरवलं, बास. यांना एक अक्षर विचारायचं नाही. सांगतील ते द्यायचं, लिहायला लावतील ते लिहायचं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

आता पुढचं नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

त्या दुपारी ठमीचं पोट गॅसने फुगलं होतं. असं होतं, आतडी मरगळली की हवा साठते. आणि या मशीनला हवेचं वावडं आहे. हवा आली की पडदा पांढरा, पलीकडचं काही दिसत नाही. डॉक्टरांनी प्रोब टेकवला, काही दिसेना. त्यांनी जोर दिला. हवा बाजूला सरली, शीर दिसली. सपाट, नुसती रेघ.

"अजून कोरडीच आहे," ते म्हणाले. "जुलाबातून जातंय सगळं. सलाईनचा डोस द्या, आणि संध्याकाळी आणखी एक."

त्यांनी प्रोब उचलला तेव्हा ठमीच्या पोटावर त्याचा ठसा उठला होता. चांगला खोल, कडेने पांढरा. तो मला दिसला. लहान मुलाच्या हाताची शीर शोधायची तर बोट टेकवायचं असतं, दाबायचं नसतं. दाबलं की शीर बोटाखाली नाहीशी होते आणि नवखी पोरगी म्हणते, "सिस्टर, याला शीरच नाही." हे मी शंभर जणींना शिकवलंय. मग पोटातल्या शिरेचं तसंच होत नसेल का? प्रश्न जिभेच्या टोकावर आला. मी तो गिळला. प्रश्नपत्रिका ना मी? मग घ्या, आज सुट्टी.

मी डोस दिला. संध्याकाळचाही माझ्याच हाताने दिला.

ठमीची आई मोबाईल दुरुस्त करते. छोटं दुकान आहे तिचं. डोळ्याला भिंग लावून तांदळाहून बारीक भाग चिमट्याने उचलणारी बाई. ती रडायची नाही, बघायची. पंपावरचे आकडे बघायची, लघवीची पिशवी बघायची, मला विचारायची, "हे किती असायला हवं?" मी सांगायची. तिचं एक माझ्यासारखंच होतं, कळलं की ती शांत व्हायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले तर ती ठमीचे केस विंचरत होती. म्हणाली, "सिस्टर, गाल भरल्यासारखे वाटतात ना हिचे? पहिल्यांदाच नावाला जागली."

मी बघितलं. गाल भरले नव्हते, सुजले होते. पापण्या जड झाल्या होत्या. पायमोज्याची रबरपट्टी काढली तर खाली घळ पडलेली. श्वास मिनिटाला बावन्न, आदल्या दिवशी अडतीस होता. पलंगाच्या काट्यावर वजन अठराच्या वर. आली तेव्हा सोळा लिहिलं होतं, पण ते तिच्या आईला विचारून लिहिलेलं, कारण तेव्हा काट्याचा पलंग रिकामा नव्हता. त्यामुळे त्या सोळावर कोणाचा विश्वास नव्हता. पिशवीत लघवी बोटभरसुद्धा नाही. आणि ठमी काही विचारत नव्हती. मी तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या, तिने नुसता पाय ओढून घेतला.

डॉक्टर आले. रात्रभर दुसऱ्या एका बाळापाशी उभे होते, डोळे लाल. त्यांनी आधी मूत्राशय बघितलं. लघवीसाठी घातलेल्या नळीचा फुगा गोल दिसत होता आणि भोवती काहीच नव्हतं. म्हणजे लघवी अडकलेली नव्हती, तयारच होत नव्हती. मग प्रोब वर सरकवला. हवा. पांढरं. त्यांनी जोर दिला. रेघ.

"आई," ते ठमीच्या आईला म्हणाले, "अजून एक डोस देऊन बघू. लघवी सुटली तर डायलिसिस टळेल."

डायलिसिस हा शब्द तिने आदल्या दिवशी ऐकला होता, तेव्हापासून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "द्या," ती लगेच म्हणाली. "टळत असेल तर द्याच."

मी सिरिंज भरली. सलाईनच्या नळीला लावली. अंगठा दट्ट्यावर ठेवला आणि तो अंगठा काही पुढे जाईना. मी खरं सांगते, मला तेव्हा डॉक्टरांची नाही, स्वतःची भीती वाटली. मी आदल्या दिवसापासून एका टिंगलीचा सूड एका पाच वर्षांच्या पोरीवर उगवत होते.

"डॉक्टर, एक प्रश्न आहे."

त्यांनी थकून विचारलं, "अनिवार्य आहे का?"

"अनिवार्य आहे."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ते वळले.

"तुम्ही दाबताय," मी म्हटलं. "गॅस सारायला दाबताय ते कळतंय मला. पण शीर मऊ असते. हाताची शीर दाबली तर जाते. ही जात नसेल कशावरून?"

"सिस्टर, ती हातातली शीर नाही. अंगठ्याएवढी असते ती."

"पाच वर्षांच्या पोरीची? आणि अंगठ्याएवढी असली तरी दाबल्यावर काय होईल?"

 त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, चिडले की होतात. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्यांनी प्रोब परत हातात घेतला.

"जेल द्या. जास्त द्या."

मी अर्धी बाटली ओतली. त्यांनी तीच जागा धरली, तसाच जोर दिला, रेघ दिसली. "आता बघा," ते म्हणाले, मला की स्वतःला, ठाऊक नाही. मग मनगट सैल सोडत गेले. अगदी सावकाश. हवा परत येऊन पडदा झाकायच्या आधी क्षणभर आम्हाला तिघांना ते दिसलं. पाईपवरचा पाय काढल्यावर पाईप फुगतो, तशी ती रेघ फुगली.

"परत करा," ठमीची आई म्हणाली. ती कधी उठून मागे उभी राहिली होती, मला कळलंही नाही.

त्यांनी समोरून बघायचं सोडलं. प्रोब उजव्या कुशीला नेला, फासळ्यांमधून, लिव्हरच्या आडून. तिथे हवा नसते, दाबावं लागत नाही. आणि तिथे ती शीर होती. काळीभोर, टम्म, श्वास आत जावो की बाहेर येवो, जराही न हलणारी. कोरड्या पोरीची शीर अशी नसते. ते मला कोणी सांगावं लागलं नाही.

मग त्यांनी प्रोब छातीवर ठेवला. निरोगी फुप्फुसात आडव्या रेघा दिसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. ठमीच्या छातीत वरून खालपर्यंत पांढरे उभे पट्टे उतरत होते, एकाला चिकटून एक. उजवीकडे तेच, डावीकडे तेच.

"पाणी?" मी विचारलं.

"पाणी," ते म्हणाले.

मी सिरिंज नळीतून काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. अशा तीन द्यायच्या होत्या, दीडशे मिली. तेवढं आणखी आत गेलं असतं तर दुपारपर्यंत पोरगी व्हेंटिलेटरवर असती, कदाचित त्याच्याही पलीकडे.  डॉक्टरांनी सलाईन स्वतःच्या हाताने बंद केलं आणि आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना फोन लावला.

लघवी सुटायचं इंजेक्शन देऊन दोन तास वाट बघितली. त्या दोन तासांत मी पिशवीकडे जेवढं बघितलं तेवढं स्वतःच्या लग्नात नवऱ्याकडे बघितलं नसेल. काही उतरलं नाही. ऑक्सिजन वाढवावा लागला. मॅडम आल्या, पडदा बघितला आणि म्हणाल्या, "थांबायचं नाही आता. पोटातून डायलिसिस."

ठमीच्या आईने विचारलं, "म्हणजे काय करणार? सगळं सांगा."

मीच सांगितलं. पोटात बारीक नळी घालायची. तिच्यातून औषधी पाणी सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि परत बाहेर सोडून द्यायचं. येताना ते अंगातलं जास्तीचं पाणी आणि रक्तातली घाण बरोबर घेऊन येतं. किडन्यांचा रुसवा निघेपर्यंत हे करायचं. "आणि नाही निघाला तर?" तिने विचारलं. "बहुतेक मुलांचा निघतो," मी म्हटलं. "सगळ्यांचा नाही." तिने मान हलवली आणि सही केली.

नळी घालायच्या आधीही त्यांनी मशीनमधून बघितलं, आतडं कुठे आहे, कुठे नाही, सुई कुठून गेली तर कशालाही लागणार नाही. या वेळी त्यांचा हात इतका हलका होता की जेलवर प्रोब तरंगतोय असं वाटावं. मी दर वेळी विचारत होते, हे काय, ते काय, आणि ते प्रत्येक वेळी सांगत होते.

पहिल्या फेरीला सोडलं तेवढंच बाहेर आलं. दुसरीला थोडं जास्त. तिसऱ्या फेरीला सत्तर मिली जास्त आलं, मी मापाचं भांडं डोळ्यांसमोर धरून दोनदा बघितलं. चार वाजेपर्यंत श्वास बावन्नवरून बेचाळिसावर आला. डॉक्टरांनी छाती परत बघितली. पट्टे होते, पण मध्ये मध्ये फटी पडल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी ताडमाडांच्या कोपराला चिमटा काढला.

ठमीने डोळे उघडून पलंगाशेजारच्या भांड्याकडे बघितलं. "मावशी, हे कोणाचं पाणी?"

"तुझं."

"मी कधी प्यायले?"

मी तिची चादर सारखी केली. डॉक्टर खाली वाकले, पोरीच्या कपाळावरून हात फिरवला, आणि तिच्या आईकडे वळून म्हणाले, "जरा बसता का? मला तुम्हाला काही सांगायचंय."

दाराशी दोन खुर्च्या होत्या. ती बसली. ते बसले नाहीत. म्हणाले, "काल मी हिला दोनदा सलाईन दिलं. ते द्यायला नको होतं. गॅस होता म्हणून मी जोरात दाबून बघितलं आणि शीर माझ्या दाबाने चपटी झाली. मला वाटलं, पोरगी कोरडी आहे. ती भरलेली होती. डायलिसिस कदाचित तरीही लागलं असतं. पण छातीत पाणी झालं ते माझ्यामुळे. आज सिस्टरांनी विचारलं नसतं तर मी आणखी दिलं असतं."

तिने खुर्ची जराशी त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "माझ्या हातून कोणाचा फोन बिघडला तर मीही सांगते गिऱ्हाइकाला. सांगताना जीव जातो. पण तो फोन असतो, डॉक्टर."

"हो," ते म्हणाले.

मग ती उठली. माझ्यापाशी आली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून. तुमच्या लक्षात आलं म्हणून माझी पोर आहे."

डॉक्टर खाली मान घालून उभे होते. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं, माझ्या वाट्याला नुसती शाबासकी ठेवली होती. ती घेऊन मी घरी जाऊ शकले असते. कोणालाही कधी कळलं नसतं. तिचे हात ऊबदार होते आणि मला ते सोडवत नव्हते.

"माझ्या लक्षात काल आलं होतं," मी म्हटलं.

ती काही समजली नाही. डॉक्टरांनी मान वर केली.

"काल दुपारी. हिच्या पोटावर ठसा उठला होता, तो मी बघितला. मला शंका आली होती. विचारलं नाही. सकाळी हे माझी थट्टा करून हसले होते, म्हणून मी रुसले होते. आणि ते दोन्ही डोस मीच दिले."

तिने माझे हात सोडले. झटकून नाही, नुसते सोडले. ठमीकडे बघितलं, भांड्यातल्या पाण्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे आणि मग माझ्याकडे. तिच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. वाचायला मी खूप धडपडले.

"तुमच्यावर रागवायचं की नाही, ते मी हिला घरी नेल्यावर ठरवीन," ती म्हणाली. "दोघांवरही. तोवर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायचं. रुसायचं असेल तर बाहेर जाऊन रुसायचं. इथे, माझ्या पोरीसमोर, जे दिसेल ते बोलायचं."

डॉक्टर "हो" म्हणाले. मीही "हो" म्हणाले.

चौथ्या फेरीची वेळ झाली होती. मी नळीची कळ उघडली. पाणी भांड्यात यायला लागलं. ते स्वच्छ यायला हवं, गढूळ आलं तर पोटात जंतू शिरल्याची भीती. मला ते जरा गढूळ वाटलं, कदाचित उजेडामुळे असेल.

"डॉक्टर," मी म्हटलं, "याचा रंग बघता का?"

ते लगेच आले आणि खाली वाकले. तीही आली, आणि आम्ही तिघं त्या भांड्यात बघत राहिलो.